व्रतस्थ कवी आणि त्याचा श्रोता

इंग्रजी कवितेच्या वर्गात जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स शिकवावयास घेतला म्हणजे दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. १८६८ च्या मे महिन्यात, वयाची चोविशी पुरी होण्यापूर्वीच, या गृहस्थाने आपल्या कविता आपल्या हाताने जाळल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो जेझुइट संघात दाखल झाला, एवढे सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "पण का, सर?" कोणी घरचे दागिने विहिरीत टाकून आला असे ऐकल्यावर आपण ज्या स्वरात विचारू, त्याच स्वरात.

गेली पंचवीस-तीस वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे आणि एवढ्या अवधीत माझे उत्तर दोनदा बदलले आहे. नोकरीच्या पहिल्या उमेदीत मी सांगत असे की, एका धर्मसंस्थेने एका कवीचा बळी घेतला. पुढे भाविक टीकाकारांचे ग्रंथ वाचनात आले आणि मी सांगू लागलो की, बी मातीआड गेल्याखेरीज अंकुर फुटत नाही. त्या त्यागातूनच पुढची कविता उगवली. दोन्ही उत्तरे वर्गात शोभून दिसतात. परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. परंतु हॉपकिन्सच्या आयुष्याचा तपशील जवळून पाहू लागल्यावर दोहोंवरचा माझा विश्वास उडाला. ख्रिस्ती व्रत आणि काव्यशक्ती यांच्या नात्यात एक तिसरा घटक असतो व त्याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो म्हणजे श्रोता. प्रस्तुत लेखात मी त्याच अंगाने या कवीकडे पाहणार आहे.

प्रथम जाळण्याची हकीकत. हॉपकिन्स हा सुखवस्तू इंग्रज कुटुंबातला. वडील जहाजांच्या विम्याच्या धंद्यात होते आणि स्वतः पद्यरचनाही करीत. ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजात शिकत असता १८६६ मध्ये न्यूमनच्या हस्ते त्याने रोमन कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. आईबापांना तो घाव बसला. दोन वर्षांनी संघप्रवेशाचा निश्चय झाल्यावर त्याने कवितांना अग्नी दिला. आपल्याकडील वाचकाला येथे तुकोबांच्या बुडविलेल्या वह्या आठवल्याखेरीज राहणार नाहीत. परंतु तुकोबांवर ती पाळी इतरांनी आणली. हॉपकिन्सला कोणी तसे सांगितले नव्हते. त्या दिवशीच्या रोजनिशीत, हवा कशी होती या नोंदीला लागूनच, हेरोद राजाने केलेल्या बालहत्येची आठवण देणारे दोन-तीन शब्द तेवढे त्याने लिहून ठेवले आहेत. मौज अशी की, त्यांतील बऱ्याच कविता आज उपलब्ध आहेत, कारण त्यांच्या नकला मित्रांजवळ होत्या. इंद्रायणीचे काम येथे मित्रांच्या टेबलाच्या खणाने केले.

यानंतरची सात वर्षे, दोन-चार नैमित्तिक पदे सोडली तर, कवितेच्या दृष्टीने रिकामी आहेत. वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज लिहावयाचे नाही, हा त्याने स्वतःशीच केलेला नेम होता. चरित्रकार या काळावरून लगबगीने पुढे जातात. मला मात्र हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या सात वर्षांत त्याने लिहिण्याचे सोडले तरी पाहण्याचे सोडले नाही.

त्याच्या रोजनिश्या याची साक्ष देतात. ढगांच्या कडा कशा विरतात, ओक वृक्षाची पाने फांदीवर कोणत्या क्रमाने बसतात, लाट फुटताना तिच्या कमानीच्या आत काय दिसते, याची वर्णने त्याने पानेच्या पाने लिहिली आहेत. ती काव्यमय नाहीत. वैद्याने नाडी पाहावी किंवा सोनाराने कस लावावा, तशा जातीची ती आहेत. १८७३ च्या एप्रिलात बागेतील एक झाड तोडल्याचा आवाज कानी पडला, तेव्हा जगाचे असे विशिष्ट रूप नष्ट होताना पाहण्यापेक्षा मरण बरे असे त्याला वाटून गेले. संघातील एका वृद्ध सेवकाची आठवण सांगतात ती अशी: पाऊस थांबला की हा तरुण फाटकाजवळ उकिडवा बसून ओल्या वाळूकडे टक लावून पाहत राही, त्या म्हाताऱ्याला तो वेडगळच वाटे.

आता हे पाहणे संघाच्या नियमाविरुद्ध चालले होते की नियमामुळे? उत्तर दुहेरी आहे. १८६९ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत सहा महिने त्याने नजर आवरून धरण्याचे प्रायश्चित्त घेतले होते, आणि त्यामुळे त्या अर्ध्या वर्षात फारसे काही पाहता आले नाही असे तोच नमूद करतो. ज्या माणसाचे सगळे सुख डोळ्यांत साठलेले, त्याने भर वसंतात डोळे जमिनीकडे लावून चालावे, हे वाचताना आजही जीव कळवळतो. ही शिस्त कवीला पोषक होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उपाशी राहिल्याने भूक वाढते हे खरे, पण म्हणून कोणी उपवासाला अन्न म्हणत नाही.

परंतु त्याच संघाची दुसरी एक शिस्त होती. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आध्यात्मिक अभ्यासक्रमात साधकाला तीस दिवस एकांतात बसवितात आणि ख्रिस्तचरित्रातील एकेक प्रसंग मनासमोर उभा करावयास लावतात. हा केवळ चिंतनाचा विषय नव्हे. ती जागा कशी आहे, रस्ता किती रुंद आहे, माणसे काय बोलत आहेत, वास कसला येतो, हाताला काय लागते, असे एकेका इंद्रियाला कामाला लावून प्रसंग 'रचावयाचा' असतो. कवीला याहून चांगली तालीम कोणती विद्यापीठे देतात मला ठाऊक नाही. आमचे तर नक्कीच देत नाही. यातच पुढे मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कोटस याची भर पडली. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची अशी एक 'इदंता' असते, 'हीच ती' असे तिच्यात काहीतरी असते, हा त्याचा सिद्धांत १८७२ मध्ये हॉपकिन्सच्या वाचनात आला आणि आपण वर्षानुवर्षे जे डोळ्यांनी करीत होतो त्याला त्याला शास्त्राधार मिळाला. संघाचा कल मात्र स्कोटसकडे नव्हता, आणि या आवडीपायी ईश्वरविद्येच्या परीक्षेत त्याचे नुकसान झाले असे म्हणतात. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने काढून घेणे हे येथे पहिल्यापासून चालले होते.

आता सात वर्षांचे मौन सुटले कसे ते पाहू. १८७५ च्या डिसेंबरात 'डॉइचलँड' ही ब्रेमेनहून न्यूयॉर्ककडे निघालेली आगबोट टेम्सच्या मुखाजवळ वाळूत रुतून फुटली. प्रशियातील धर्मविरोधी कायद्यांमुळे देशोधडीस लागलेल्या पाच जोगिणी तीत बुडाल्या. हॉपकिन्स त्या वेळी वेल्समधील सेंट ब्यूनो येथे शिकत होता. बातमी वाचून तो हेलावला, आणि त्याच्या वरिष्ठांनी सहज बोलून दाखविले की, कोणीतरी यावर कविता करावयास हवी. एवढे निमित्त पुरे झाले. पस्तीस कडव्यांची ती दीर्घ कविता इंग्रजी वाङ्मयातील एक आश्चर्य आहे.

त्या वरिष्ठांच्या उद्गाराला मी फार महत्त्व देतो. कोणीतरी मागितले; तोपर्यंत कोणी मागितले नव्हते. शक्ती होती, तालीम झाली होती, वर्षानुवर्षांचे निरीक्षण साठले होते, पण दार आतून उघडत नव्हते. व्रतस्थ माणसाची ही विशेष अडचण असते. लौकिक कवी स्वतःच्या हौसेने लिहितो, कीर्तीसाठी लिहितो, प्रसंगी पैशासाठी लिहितो. ज्याने हे तिन्ही हेतू सोडून दिले, त्याने कशासाठी लिहावे? त्याला समाजाची हाकच लागते.

याच संघातील याहून जुने आणि आपल्या अगदी घरचे उदाहरण यासाठी आठवते. फादर थॉमस स्टीफन्स हेही इंग्रजच आणि जेझुइटच. १५७९ मध्ये ते गोव्यास आले व उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टीत काढले. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्या जागी वाचावयास, ऐकावयास काही नव्हते. त्यांनी मागितले, म्हणून पुराण झाले. त्या मागण्यामागे पोर्तुगीज राज्यसत्तेची किती जबरदस्ती होती, हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. ज्यांची पुराणे गेली ती काही सगळी राजीखुशीने गेली नव्हती. तरीसुद्धा कलेच्या दृष्टीने एवढे निश्चित की, स्टीफन्स यांना श्रोते होते, ते समोर बसलेले होते आणि त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. परक्या भाषेत अकरा हजार ओव्या लिहिण्याचे बळ या ठिकाणाहून आले.

हॉपकिन्सचे दुर्दैव असे की, त्याच्या समाजाने मागितले आणि दिल्यावर परत केले. ती कविता 'द मंथ' या संघाच्याच मासिकाकडे गेली आणि छापल्यावाचून परत आली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका जहाजाच्या नाशावर त्याने काहीशी सोपी कविता केली. तीही त्याच मासिकाने नाकारली. संपादकाला सर्वस्वी दोष देता येत नाही. कविता खरोखरच कठीण होती, आणि विशेषतः तिचे वृत्त त्या काळच्या कानाला रुचण्यासारखे नव्हते.

या वृत्ताविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे, कारण शिस्त आणि स्वातंत्र्य यांचा प्रश्न येथे प्रत्यक्ष ओळीच्या बांधणीत दिसतो. इंग्रजी छंदात आघात असलेली आणि नसलेली अक्षरे ठराविक क्रमाने येतात. हॉपकिन्सने ठरविले की मोजावयाचे ते फक्त आघात. दोन आघातांमध्ये अक्षर एक येवो, तीन येवोत, की एकही न येवो. वरवर पाहता ही मोकळीक वाटते. परंतु आघातांची संख्या तो कसोशीने पाळतो, आणि वेल्समध्ये वेल्श भाषा शिकून तेथील कवींचे व्यंजनांच्या आवर्तनाचे कडक नियमही तो आपल्या ओळीवर लादून घेतो. आमच्या मोरोपंतांना हा गडी आवडला असता. आपल्याकडे जात्यावरची ओवी अक्षरे मोजीत नाही. दळणारीचा श्वास आणि जात्याचा फेरा हेच तिचे माप. हॉपकिन्सनेही आपल्या छंदाला आधार म्हणून बालगीते आणि रोजच्या बोलण्याची लय पुढे केली होती. ही तुलना फार ताणू नये, कारण ओवी म्हणणारीला दम खाण्यास जागा असते आणि हॉपकिन्स वाचकाला ती देत नाही. तथापि एक साम्य मोलाचे आहे: दोन्ही छंद डोळ्यांसाठी नाहीत, कानासाठी आहेत. माझी कविता डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, असे तो मित्रांना परोपरीने सांगत असे. म्हणजे ज्याला श्रोते नव्हते त्या कवीने केवळ श्रोत्यांसाठीच योग्य असा छंद घडविला.

१८७७ मध्ये, दीक्षाविधीच्या आधीच्या काही महिन्यांत, त्याने सुनीतांची एक मालिका लिहिली. त्यांतील ससाण्याच्या जातीच्या पक्ष्यावरचे सुनीत त्याला स्वतःला सर्वांत उत्तम वाटे, आणि मलाही तसेच वाटते. पहिल्या आठ ओळींत पहाटेच्या वाऱ्यावर तोल सांभाळीत तरंगणारा पक्षी आहे. तो ज्या वाऱ्यावर स्वार होतो त्याच वाऱ्याने अडवलेलाही आहे. त्या अडवणुकीतूनच त्याची भरारी घडते. नंतरच्या सहा ओळींत कवी एकदम जमिनीवर उतरतो. शेतात सरीमागून सर कष्टाने चालणाऱ्या नांगराचा फाळ मातीशी घासून झळाळतो. विझत आलेला निखारा पडून फुटतो आणि आतला सोनेरी रंग उघडा होतो. टीकाकार येथे आत्मसमर्पणाचे तत्त्वज्ञान सांगतात व ते चूक नाही. माझे लक्ष मात्र फाळाकडे जाते. चौदा ओळींच्या चौकटीत, यमकांच्या अडसरात राहून त्याने ही ओळ घडविली आहे. सुनीत हा त्याचा मठ होता असे म्हटले तरी चालेल: दारे थोडी, भिंती जाड, पण आत आवाज घुमतो. व्रताने त्याला कविता दिली असे मी म्हणत नाही. मात्र बंधनात राहून हालचाल कशी करावी हे जे त्याला साधले, ते व्रताच्या सवयीवाचून साधले असते असे मला वाटत नाही.

पुढच्या काळात निरनिराळ्या गावी नेमणुका झाल्या. लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतील सेवेने तो थकून गेला. तरी तेथेच एका नालबंदाच्या मृत्यूवर त्याने जे सुनीत लिहिले त्यात धर्मगुरू आणि रोगी यांच्यामधील माया इतकी साध्या शब्दांत आली आहे की, एरवी त्याच्या दुर्बोधतेवर रागावणारे विद्यार्थीही तेथे थांबतात. ते एका विशिष्ट माणसाविषयी आहे, आणि बहुधा म्हणूनच त्याची भाषा निवळली.

यानंतर डब्लिन. १८८४ मध्ये तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याला ग्रीकचा प्राध्यापक नेमले. नाव मोठे, काम म्हणजे वर्षातून अनेकदा शेकडो उत्तरपत्रिका तपासणे. त्याची सदसद्विवेकबुद्धी इतकी नाजूक की, अर्ध्या-पाव गुणाचा हिशेब करीत तो रात्री घालवी असे सांगतात. येथे मी तटस्थ राहू शकत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे. मेच्या उन्हात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडताना मला कित्येकदा त्याची आठवण झाली आहे. आमच्या व्यवसायात कवी होऊ इच्छिणारे पुष्कळ असतात आणि पन्नाशीनंतर ते सगळेच सांगतात की, आमची कविता गठ्ठ्यांखाली गेली. मीही एकेकाळी तसे सांगत असे. पण हॉपकिन्सची शेवटची सुनीते समोर आली म्हणजे ही सबब करण्याची लाज वाटते.

त्या सुनीतांना टीकाकार 'भयानक सुनीते' म्हणतात. मध्यरात्री जाग यावी, पहाट न व्हावी, देवाला हाका माराव्या आणि पत्रे चुकीच्या पत्त्यावर गेल्याप्रमाणे त्यांचे उत्तर न यावे, असा त्यांचा विषय. ती न मागता, आपल्या इच्छेविरुद्ध आली असे त्याने मित्राला कळविले होते. येथे मागणारे कोणी नव्हते, हे माझ्या मुद्द्याविरुद्ध जाते हे मी कबूल करतो. पण ही कविता कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. ती ऐकणाऱ्यालाच उद्देशून आहे, जो ऐकत नाही अशा ऐकणाऱ्याला. १८८९ च्या मार्चमधील एका सुनीतात तो देवाशी वकिलाप्रमाणे भांडतो: दुर्जनांची भरभराट होते, पाखरे घरटी बांधतात, झुडपांना पालवी येते, आणि मी एवढे श्रम करून वांझ राहतो. स्वतःच्या वंध्यत्वाची तक्रार इतक्या सुफल भाषेत क्वचितच कोणी केली असेल. त्याच वर्षी ८ जून रोजी विषमज्वराने तो वारला. वय अवघे चव्वेचाळीस. मागे राहिलेल्या पूर्ण आणि प्रौढ कविता सुमारे पन्नास.

त्या आपल्या हाती आल्या त्या रॉबर्ट ब्रिजेस या मित्रामुळे. ब्रिजेस त्या पंथाचा नव्हता. उलट त्या पंथाविषयी त्याला अढीच होती. मित्राच्या यमकांवर, दुर्बोधतेवर तो सतत टीका करी. पण येणारी प्रत्येक कविता तो वहीत चिकटवून ठेवी. कॅनन डिक्सन हा दुसरा एक कवी-मित्र, तोही परपंथीय. डिक्सनने एकदा एका वर्तमानपत्रात त्याची कविता छापून आणण्याचा बेत केला, तेव्हा हॉपकिन्सने घाबऱ्याघाबऱ्या पत्रे लिहून तो हाणून पाडला. कीर्ती द्यावयाची तर ईश्वर देईल, तिच्यासाठी आपण हात पुढे करणे व्रतात बसत नाही, अशी त्याची भूमिका. मला ही भूमिका पुरती निर्मळ वाटत नाही. एकदा दार आपटले गेल्यावर पुन्हा ठोठावयाचे नाही असे ठरविणाऱ्या माणसात नम्रतेबरोबर दुखावलेला मानही असतो. ते काही असो. १९१८ मध्ये ब्रिजेसने ७५० प्रतींची आवृत्ती काढली व ती कवीच्या सत्त्याण्णव वर्षांच्या आईला अर्पण केली. त्या प्रती खपावयास दहा वर्षांवर काळ लागला. दुसरी आवृत्ती १९३० मध्ये निघाली आणि मग मात्र तरुण कवींनी त्याला डोक्यावर घेतले. संघाने ज्याला ऐकले नाही त्याला दोन परपंथीय मित्रांनी ऐकले, आणि ज्या चुका वेळीच दाखविल्या असत्या तर बहुधा सुधारल्या असत्या, त्या दाखविण्यास या दोघांखेरीज कोणी नव्हते. त्याच्या उत्तरकाळातील काही ओळी गाठ मारलेल्या दोऱ्यासारख्या झाल्या आहेत. गाठ सोडवावयास लावणारा श्रोता घरात असता तर त्या तशा राहत्या ना.

याच्या अगदी उलट टोकाचे चित्र आपल्याकडे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा ते मराठीत कवी म्हणून परिचित होते. त्यांनी काही जाळले नाही. उलट तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती, कृ. र. सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीत पदे रचली होती, पण भूक मोठी होती. टिळकांकडे ती मागणी चालून आली आणि त्यांनी अभंग, पदे, कीर्तने यांचा पाऊस पाडला. आजही मराठी चर्चमध्ये त्यांचीच पदे घुमतात. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. छापखाना दर आठवड्याला मजकूर मागू लागला. स्वभावाने अत्यंत लहरी, पैशाच्या बाबतीत बेहिशेबी, आज एक उद्या दुसरे अशा या माणसाला बाहेरची शिस्त लाभली ती या आठवड्याच्या हप्त्याची.

परंतु ज्याला श्रोते सहज मिळतात त्याची परीक्षा निराळी असते. मी ख्रिस्ती नाही. टिळकांच्या भक्तिपर रचनेचे मोल करताना तेवढे अंतर वाचकांनी लक्षात घ्यावे. तरी मला असे वाटते की, ज्या पदाची सभा वाट पाहत आहे त्या पदाचा दुसरा खर्डा कवी सहसा करीत नाही. टिळकांच्या अभंगांत काही इतके सरळ काळजातून आले आहेत की, टीकेने तेथे गप्प बसावे. आणि त्यांच्या शेजारीच असे कित्येक आहेत की, ज्यांत भाव खरा पण शब्द पहिला सुचला तोच ठेवलेला. हॉपकिन्सला ऐकणारे दोन होते म्हणून त्याची ओळ गुंतली. टिळकांना ऐकणारे हजार होते म्हणून त्यांची ओळ सैलावली. फुलांवर आणि मुलांवर लिहिताना, म्हणजे सभेने काही मागितलेले नसताना, ते अधिक नेटके लिहीत, हेही नमूद केले पाहिजे. आणि स्वतः ते केवढे मोठे श्रोते होते, याला बालकवी ठोंबरे साक्षी आहेत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्या मुलाचे तेज टिळकांनी ओळखले आणि पुढे त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. धर्म बदलावयास लावण्याची अट त्यात नव्हती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने सर्व पंथांपलीकडचा एक बंधुसंघ मांडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. संघाच्या चौकटीत राहून हॉपकिन्सला जे सोसले, ते टिळकांना फार काळ सोसण्यासारखे नव्हते. दीड-दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, मुंबईस त्यांचे निधन झाले. मागे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट पडले होते.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईंना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली, पाठशाळेचे शिक्षण नाही, छंदशास्त्राचा गंध नाही, मागण्यास आता कोणी उरले नाही, त्यांनी त्या काव्याचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. मध्यंतरी संसाराचे सगळे फेरे चालूच होते, आणि 'स्मृतिचित्रे'ही त्याच उतारवयात लिहून झाली. काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' हे 'स्मृतिचित्रां'च्या तोडीचे नाही, हे स्पष्ट आहे. पण नवऱ्याने अर्ध्यावर टाकलेला हंडा उचलून घरापर्यंत आणावा, तसे त्यांनी ते आणले. १९३६ मध्ये त्याही गेल्या.

यंदा हॉपकिन्सचा शेवटचा तास संपल्यावर मी वर्गाला 'स्मृतिचित्रे' वाचावयास सांगितले. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "इंग्रजीच्या पेपराला, सर?"